रंग हाताला लागू नये म्हणून: रंगवलेलं चामडं कमी खर्चात सील करताना

मी केलेला पहिला काळा पट्टा दिसायला देखणा होता. वर सीलरचे, म्हणजे रंग आत कोंडून ठेवणाऱ्या पारदर्शक लेपाचे, चार जाड हात दिलेले, चमक अगदी काचेसारखी. दुसऱ्याच दिवशी फिकट पँटवर कमरेभोवती काळी रेघ उमटली. बकलपाशी, जिथे पट्टा वाकतो, तिथे सीलरला बारीक भेगा पडल्या होत्या. नखाने एक कोपरा उचलला तर पापुद्रा अखंड सुटून हातात आला. उलटून पाहिला, तर त्याची खालची बाजू काजळी धरल्यासारखी काळी होती.

सीलर चामड्याला चिकटलाच नव्हता. चामड्यावर सुट्या रंगाची भुकटी पसरलेली होती आणि सीलर त्या भुकटीवर बसला होता. त्या पापुद्र्याकडे बघून जे कळलं त्यावर हा सगळा लेख उभा आहे: सुटा रंग आधी नीट काढला तर साधा सीलरही वर्षानुवर्षं टिकतो, आणि तो तसाच राहिला तर महागातली बाटलीही उपयोगाची नाही. हात आखडता असेल तर ही चांगलीच बातमी आहे, कारण सुटा रंग काढायला लागतं ते जुनं सुती फडकं आणि थोडा धीर.

## डाय वेगळा, पेंट वेगळा

डाय चामड्याच्या तंतूंत मुरतो. पेंट वरच्या वर थर धरून बसतो. दोघांना सील करण्याची कारणंही वेगळी आहेत. डायच्या बाबतीत भीती असते ती रंग निघून कपड्यांना, हाताला लागण्याची. पेंटच्या बाबतीत तो खरवडला जाण्याची, तडकण्याची, पापुद्रे सुटण्याची. एकाच वस्तूवर दोन्ही असतील, म्हणजे गडद डायची जमीन आणि त्यावर पेंटची नक्षी, तर दोन्ही भीती एकदम असतात. अशाच वस्तूंवर सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून पुढे त्यावर थोडा जास्त वेळ घालवणार आहे.

डायमध्ये प्रामुख्याने तीन प्रकार भेटतात: स्पिरिटवर आधारित, पाण्यावर आधारित आणि तेल मिसळलेले. स्पिरिटचा डाय झटकन वाळतो आणि खोल जातो, पण चामडं कोरडं पाडतो, आणि त्याची जास्तीची भुकटी पृष्ठभागावर राहते. काळ्या आणि गडद निळ्या रंगांत हे हमखास होतं. तेलमिश्रित डाय जास्त सारखा बसतो आणि कमी सुटतो. पाण्याचा डाय वास आणि वाफांच्या दृष्टीने बरा, पण पाणी लागलं की परत हलू शकतो.

कामाला लागण्याआधी चामड्यावर पाण्याचा एक थेंब ठेवून बघा. मिनिटाभरात तो आत शोषला गेला आणि तिथे गडद डाग दिसला, तर चामडं मोकळं आहे, बहुतेक व्हेज टॅन, म्हणजे झाडांच्या सालीने कमावलेलं. डाय घेईल, सीलरही घेईल. थेंब मोत्यासारखा वर तसाच राहिला, तर त्यावर कारखान्यातला थर आधीच आहे. अशा चामड्यावर डाय बसणार नाही. पेंट करायचा असेल तर आधी ॲसिटोनने तो थर पुसून काढावा लागतो: हवा खेळती ठेवून, हातमोजे घालून, कापसाचे बोळे बदलत. बोळा चिकटचिकट लागायचा थांबला आणि चामड्याची चमक गेली, की पुरे.

## पैसे कुठे घालायचे

पैसे एकाच गोष्टीवर घाला: चामड्यासाठी बनवलेल्या ॲक्रिलिक फिनिशची, म्हणजेच सीलरची, एक छोटी बाटली. रेझोलीन हे त्यातलं सर्वांना माहीत असलेलं नाव, पण त्याच जातीचं कोणतंही लवचिक ॲक्रिलिक फिनिश चालेल. मोठी बाटली स्वस्त पडते म्हणून पहिल्यांदाच घेऊ नका. उघडलेल्या बाटलीत हवा शिरत राहते, तोंडाशी गुठळ्या धरतात आणि त्या गुठळ्या नेमक्या कामावर उतरतात. शिवाय हे फिनिश जवळजवळ निम्मं पाणी घालून वापरायचं असतं. चार सेंटिमीटर रुंद पट्ट्याला दोन्ही बाजूंनी तीन पातळ हात द्यायला पंधरा ते वीस मिलीलिटर मिश्रण पुरतं, म्हणजे बाटलीतलं जेमतेम दहा मिलीलिटर.

बाकी सगळं घरातलं. जुना सुती बनियन किंवा टी-शर्ट, शक्यतो पांढरा, कारण त्यावर किती रंग निघतोय ते दिसतं. भांडी घासायचा नवा, मऊ स्पंज कापून त्याचे चौकोनी तुकडे. मोजायला सुई नसलेली सिरिंज. मिश्रण ठेवायला घट्ट झाकणाची छोटी बाटली. एक मऊ ब्रश. आणि सर्वांत महत्त्वाचं, त्याच चामड्याची कात्रणं. वस्तू कापून उरलेले तुकडे टाकू नका. वस्तूवर जे जे कराल ते आधी कात्रणावर करा, त्याच क्रमाने. वाया गेलेली वस्तू हा या कामातला सर्वांत मोठा खर्च आहे.

## डाय लावतानाच सीलिंग सुरू होतं

एकाच जाड हातात गडद रंग आणण्याचा मोह टाळा. डाय त्याच्या स्वतःच्या पातळकाने निम्मा पातळ करा आणि दोन-तीन हात द्या, प्रत्येक हातानंतर वाळू द्या. रंग तितकाच गडद होतो, पण आत मुरलेला असतो, वर साचलेला नसतो. काळ्या रंगासाठी आधी गडद निळ्याचा किंवा तपकिरीचा एक हात देऊन वर पातळ काळा दिला, तर काळ्याचं प्रमाण कमी लागतं आणि नंतर सुटणारी भुकटीही कमी होते.

काळाच रंग हवा असेल आणि चामडं व्हेज टॅन असेल, तर डाय विकत न घेताही काम होतं, आणि तो काळा मुळीच सुटत नाही. व्हेज टॅन चामड्यात टॅनिन, म्हणजे सालीतला तुरट पदार्थ, असतं. लोखंडाचा क्षार त्याला भेटला की दोघांची रासायनिक क्रिया होऊन तंतूंच्या आतच काळा रंग तयार होतो. जुन्या काळची लोहयुक्त लेखणीची शाई याच क्रियेवर चालायची. पद्धत अशी: बारीक स्टील वूल साबणाने धुऊन त्यावरचं तेल काढा, वाळवा, आणि काचेच्या बरणीत पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवा. झाकण घट्ट लावू नका, आत हायड्रोजन वायू तयार होतो आणि त्याला बाहेर पडायला वाट हवी. बरणी आगीपासून लांब ठेवा. आठवड्या-दोन आठवड्यांत लोखंड बरंचसं विरघळतं. फडक्यातून गाळून घ्या.

हे पाणी चामड्यावर फिरवलं की पहिल्यांदा काही होत नाही असं वाटतं. मग करडी छटा येते, आणि बघता बघता ती काळवंडते. दुसरा हात द्या. त्यानंतर लिटरभर पाण्यात दोन-तीन चमचे खाण्याचा सोडा विरघळवून त्याने पटकन धुवा, म्हणजे आम्लपणा जातो. सोड्याच्या पाण्यात चामडं भिजत ठेवू नका, त्याने ते रखरखीत होतं. लगेच साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा आणि तेलाचा हलका हात द्या. काळा फिका आला तर चामड्यात टॅनिन कमी आहे. कडक कोऱ्या चहाचा एक हात आधी देऊन, वाळवून, मग लोखंडाचं पाणी लावलं की फरक दिसतो. क्रोम टॅन, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेल्या, चामड्यावर यातलं काहीच होत नाही.

मी आता काळे पट्टे बहुतेक याच पद्धतीने करते. पांढऱ्या फडक्याला डाग लागत नाही, आणि सीलरचे दोन हात पुरतात.

## सुटा रंग काढणं: इथे वेळ द्या

डायचा शेवटचा हात दिल्यावर चामडं चोवीस तास तसंच ठेवा. उन्हात नको, हीटरसमोर नको. हाताला कोरडं लागतं म्हणून आतही कोरडं असतं असं नाही.

मग बसा. पांढरं सुती फडकं बोटांभोवती घट्ट गुंडाळा आणि लहान गोलाकार फिरवत पुसायला लागा, बुटाला पॉलिश करताना घासतो तसं. पहिल्या पुसण्याला फडकं काळंकुट्ट होईल. घाबरू नका, वस्तूचा रंग उतरत नाहीये, तिच्यावर जे नको होतं ते उतरतंय. फडक्याची स्वच्छ जागा पुढे घ्या. पुन्हा पुसा. नक्षी कोरलेली असेल तर खाचांत मऊ दातांचा जुना टूथब्रश कोरडाच फिरवा, भुकटी तिथेच दडून बसते. टाक्यांच्या ओळीवरूनही ब्रश फिरवा.

साधारण तिसऱ्या-चौथ्या फेरीला दोन गोष्टी बदलतात. फडक्यावरचा डाग गडद काळ्यावरून धुरकट राखाडीवर येतो. आणि आवाज बदलतो. सुरुवातीला फडकं चामड्यावर खरखरत जात असतं, भुकटी निघाली की ते सरसर घसरायला लागतं आणि चामड्याला आपोआप मंद चमक येते. ही चमक आली की समजायचं, काम होत आलं. फडकं अगदी पांढरं राहील तोवर पुसायची गरज नाही, पण स्वच्छ जागेवर जेमतेम सावली उमटावी इतपत तरी यायला हवं.

स्पिरिटचा गडद डाय असेल तर मी यानंतर फडक्याचा दुसरा तुकडा पाण्यात बुडवून, अगदी घट्ट पिळून, एकदाच हलक्या हाताने फिरवते. कोरड्या पुसण्याने न निघालेला थोडा रंग निघतो. मग पुन्हा वाळवायचं. पाण्याच्या डायवर मात्र हे करू नका.

## तेल: थोडंच

स्पिरिटने चामड्यातला ओशटपणा जातो. तो परत दिला नाही तर वर कितीही चांगला सीलर असला तरी वाकल्यावर खालचं चामडंच तडकतं. निट्सफूट तेलाचे (गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेलं, चामड्याला लावायचं तेल) काही थेंब फडक्यावर घेऊन पातळ हात द्या आणि किमान एक पूर्ण दिवस मुरू द्या. पृष्ठभागावर तेल राहिलं तर ॲक्रिलिक धरणार नाही. बोट फिरवल्यावर ओशट लागलं तर अजून थांबा, किंवा कोरड्या फडक्याने पुसून घ्या.

स्वयंपाकातलं तेल वापरावं का, असं बरेच जण विचारतात. पैसे वाचवण्याची ही जागा नाही. बहुतेक खाद्यतेलं काळाने खवट होतात आणि वास वस्तूतून जात नाही. खोबरेल तेल तर साधारण २४ अंश सेल्सियसच्या खाली गोठतं, आणि थंडीत चामड्यावर पांढुरका थर उमटतो. निट्सफूटची लहान बाटली अनेक वस्तूंना पुरते.

## पेंट

चामड्यासाठीचा ॲक्रिलिक पेंट लवचिक असतो. हस्तकलेचा साधा ॲक्रिलिक स्वस्त असतो, पण वाळल्यावर कडक होतो आणि वाकणाऱ्या जागी तडकतो. तो हाताशी असेल तर फेकू नका: कापडावर रंगवण्यासाठी मिळणारं ॲक्रिलिक मिडियम बाटलीवर दिलेल्या प्रमाणात मिसळलं की तो पुष्कळ लवचिक होतो. पुस्तकाचं आवरण, भिंतीवरचा तुकडा, मुखवटा, म्हणजे जे वाकतच नाही, त्यासाठी साधाही चालतो.

पातळ हात, बरेच हात. एका जाड थरापेक्षा पाण्याने सैल केलेले चार थर जास्त टिकतात. गडद डायवर पांढरा किंवा पिवळा रंगवताना पहिल्या हाताला रंग मळकट दिसेल, कारण खालचा डाय थोडा वर येतो. तो पूर्ण वाळू द्या आणि पुढचा हात द्या. तिसऱ्या हाताला रंग उघडतो. पेंट वीस-तीस मिनिटांत हाताला कोरडा लागतो, पण पक्का व्हायला काही दिवस लागतात. निदान दोन दिवस थांबल्याशिवाय त्यावर सीलर लावू नका.

## कोणता सीलर कशावर

एक नियम मनाशी धरला की निम्मे घोटाळे टळतात. सीलर ज्या द्रवात विरघळलेला आहे, त्याच द्रवात खालचा रंग विरघळत असेल, तर रंग उठणार. स्पिरिटच्या डायवर स्पिरिटमधलं शेलॅक (लाखेचं पॉलिश) लावलं की डाय वाहतो. पाण्याच्या डायवर पाण्याचं फिनिश घासलं की तेच. ॲक्रिलिक पेंटवर थिनरमधलं लॅकर ब्रशने लावलं की पेंट मऊ पडून फासला जातो. म्हणून डाय आणि पेंट दोन्ही असलेल्या वस्तूवर पाण्यातलं ॲक्रिलिक फिनिश हा सर्वांत सुरक्षित मध्यम मार्ग आहे: पक्क्या झालेल्या ॲक्रिलिक पेंटला ते धक्का लावत नाही आणि नीट पुसलेल्या स्पिरिट डायला अगदी थोडा लावतं.

तेही परवडत नसेल तर? फरशीचं पारदर्शक ॲक्रिलिक पॉलिश हा जुना, वापरून सिद्ध झालेला पर्याय आहे. नाटकांची चिलखतं आणि म्यानं बनवणारे ते बऱ्याच काळापासून वापरतात. मूळ पदार्थ त्याच कुळातला आहे. फक्त बाटलीवर ॲक्रिलिक लिहिलेलं असावं, आणि ते फरशी धुण्याचं द्रावण नसून चमक देणारं पॉलिश असावं. ते चामड्याच्या फिनिशपेक्षा कमी लवचिक असतं, म्हणून चिलखत, म्यान, पेटी, डबी यांना लावा. पाकीट, पट्टा, बुटाचा वरचा भाग यांना नको.

मेण हा दुसरा स्वस्त पर्याय. मधमाश्यांचं मेण आणि तेल वजनाने एकास दोन घेऊन, गरम पाण्याच्या भांड्यात ठेवलेल्या डब्यात वितळवायचं. मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, त्यामुळे पाण्याची उष्णता भरपूर होते. डबा थेट आचेवर कधीही ठेवू नका, तापलेलं मेण पेट घेतं. हे मलम फक्त डाय असलेल्या, पेंट नसलेल्या वस्तूला सुंदर दिसतं. पाण्याचे शिंतोडे ते थोपवतं, पण रंग सुटणं थांबवण्यात ॲक्रिलिकच्या जवळपासही येत नाही, आणि दर काही महिन्यांनी पुन्हा लावावं लागतं. बिनरंगी बूट पॉलिशचं काम साधारण असंच.

काही गोष्टींपासून लांबच राहा. केसांचा स्प्रे सीलर नाही. पांढरा गोंद पातळ करून लावला की आधी छान दिसतो, घामाने आणि पाण्याने परत चिकट होतो. लाकडाचं व्हार्निश कडक असतं, वाकलं की तडकतं, आणि तेलातलं असेल तर कालांतराने पिवळं पडून खालचा पांढरा, निळा रंग बिघडवतं. चित्रांवर मारायचा पारदर्शक ॲक्रिलिक स्प्रे फक्त न वाकणाऱ्या वस्तूंना ठीक, तोही धुक्यासारखा हलका.

## सीलर लावताना

फिनिश आणि पाणी समसमान घ्या. बाटली हलवू नका, हळूच उलटसुलट करा. जोरात हलवली की फेस होतो आणि तोच फेस वाळून चामड्यावर फोडांसारखे ठिपके राहतात. पाणी शक्यतो गाळलेलं, क्षार नसलेलं घ्या.

स्पंजचा तुकडा आधी साध्या पाण्यात भिजवून घट्ट पिळून घ्या, मग मिश्रणात टेकवा. कोरडा स्पंज निम्मं मिश्रण पिऊन टाकतो आणि फेसही जास्त करतो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एकाच दिशेने, हलक्या हाताने सरळ ओढा. पहिला हात सर्वांत नाजूक असतो: मागे फिरून पुन्हा घासू नका. राहिलेली जागा दिसली तरी सोडून द्या, ती पुढच्या हाताला भरते. पहिल्याच हातात स्पंजावर थोडा रंग आला तर तो नेहमीचाच. जास्त आला तर थांबा. पुसणं कमी पडलंय. तसंच वाळू द्या, मग कोरड्या फडक्याने हलकं पुसून पुढे जा.

आता डाय आणि पेंट एकत्र असलेल्या वस्तूची गोष्ट. गडद जमिनीवरून आलेला स्पंज पांढऱ्या फुलावर गेला की फूल राखाडी होतं, आणि ते परत पांढरं होत नाही. म्हणून आधी बारीक ब्रशने फक्त पेंट केलेल्या जागांना सीलरचा एक हात द्या, रेषेच्या आत राहून. तो तासभर वाळू द्या. मग उरलेल्या डायच्या जागांना स्पंजाने, पेंटला वळसा घालून. हे दोन्ही वाळल्यावरच अख्ख्या वस्तूवर एकसलग हात. एक फेरी जास्त लागते, पण आठवडाभर बसून रंगवलेली नक्षी पाच मिनिटांत मळत नाही.

कोरलेल्या खाचांत मिश्रण साचतं आणि वाळल्यावर दुधाळ दिसतं. प्रत्येक हातानंतर कोरड्या ब्रशाचं टोक खाचांतून फिरवून जास्तीचं उचलून घ्या. पहिला हात वाळायला अर्धा ते एक तास द्या, पुढचा त्याच्या आडव्या दिशेने. बहुतेक वस्तूंना तीन पातळ हात पुरतात. पट्ट्याला, पर्सच्या तळाला चार. त्याहून जास्त दिलं की थर प्लॅस्टिकसारखा दिसू लागतो आणि तडे जाण्याची शक्यता वाढते. वाकणारी वस्तू असेल तर दुसऱ्या हातानंतर, ती पूर्ण वाळली की, ज्या बाजूला वापरात वाकणार त्या बाजूला हळूच दोन-चारदा वाकवा. थर तिथे आधीच मोकळा होतो.

थंड आणि दमट हवेत हे काम टाळा. साधारण १० अंशांच्या खाली ॲक्रिलिकचा अखंड पापुद्रा नीट बनत नाही, तो पांढुरका आणि भुसभुशीत वाळतो. केस वाळवायचं यंत्र मंद उष्णतेवर, हातभर अंतरावरून फिरवायला हरकत नाही. ओव्हन किंवा कडक उष्णता मात्र कधीच नको: ओलसर व्हेज टॅन चामडं साधारण ७० ते ८५ अंशांत आकसून लाकडासारखं होतं, आणि ते परत सुधारत नाही.

शेवटचा हात दिल्यावर वस्तू दोन दिवस मोकळी ठेवा. त्यावर बिनरंगी मेणाचा पातळ हात देऊन घोटलं की प्लॅस्टिकी चमक उतरते आणि पाणीही घसरतं. क्रम लक्षात ठेवा: मेण नेहमी शेवटी. मेणावर ॲक्रिलिक बसत नाही.

## कडा आणि उलटी बाजू

रंग सर्वांत जास्त सुटतो तो कडांतून आणि उलट्या, लव असलेल्या बाजूने, आणि नेमकं तिकडेच दुर्लक्ष होतं. माझ्या त्या पट्ट्याने पँट रंगवली ती उलट्या बाजूने. शक्य असेल तर उलटी बाजू रंगवूच नका, नैसर्गिक ठेवा. रंगवलीच तर सुटा रंग तसाच काढा, मग फिनिशचा एक पातळ हात देऊन अर्धवट ओलं असताना काचेच्या बाटलीच्या गुळगुळीत बाजूने घोटा. लव बसते आणि पृष्ठभाग आवळला जातो. ट्रॅगाकँथ डिंक हाताशी असेल तर तोही याच कामाचा.

कडा बारीक सँडपेपरने सारख्या करून, रंगवून, किंचित ओल्या करायच्या आणि जाड कापडाने किंवा गुळगुळीत लाकडाच्या दांड्याने वेगाने घासायच्या. घर्षणाने ऊब येते, तंतू एकमेकांना चिकटतात आणि कडा काचेसारखी होते. मग कोरडं मेण घासून पुन्हा घोटा.

## तपासून बघा, मगच वापरायला द्या

आधी कात्रणावर, मग वस्तूच्या न दिसणाऱ्या जागी. कोरडं पांढरं फडकं बोटाने दाबून वीस वेळा पुढेमागे घासा. डाग नको. मग तेच ओल्या फडक्याने. ही खरी परीक्षा, कारण घाम म्हणजे ओलावाच. किंचित सावली आली तर आणखी एक हात. ठळक डाग आला तर खालचा रंग सुटा आहे. तिसरी परीक्षा वाकवण्याची: कात्रण दुहेरी घडी होईल इतकं पन्नास वेळा वाकवा आणि उजेडात तिरपं धरून भेगा बघा. उद्योगात हेच यंत्राने मोजतात, घासण्यासाठी आयएसओ ११६४० आणि वाकवण्यासाठी आयएसओ ५४०२ ही मानकं आहेत. घरच्या कामाला बोट आणि फडकं पुरतं, फक्त दर वेळी तितक्याच वेळा आणि तितक्याच दाबाने घासा म्हणजे दोन कात्रणांची तुलना करता येते.

## बिघडलंच तर

पृष्ठभाग दोन दिवसांनंतरही चिकट लागत असेल तर बहुधा खाली तेल जास्त आहे किंवा हात जाड झालेत. आठवडाभर कोरड्या, हवेशीर जागी ठेवा, पुष्कळदा सुधारतं. पट्टे दिसत असतील तर एक अतिशय पातळ हात, एक भाग फिनिश आणि तीन भाग पाणी, आडव्या दिशेने. थंडीत मेणाचा पांढरा थर उमटला तर मंद गरम हवा द्या आणि पुसा, तो परत आत जातो.

पापुद्रे सुटायला लागले तर वरून आणखी सीलर लावून ते दाबू नका. सुटलेला भाग काढा, कडेचा चिकटलेला भाग अगदी बारीक सँडपेपरने हलका घासून उतरता करा, खालचा रंग पुसा, गरज असेल तिथे डायचा पातळ हात द्या आणि पुन्हा सुरुवातीपासून तीन हात. माझा तो पट्टा मी असाच पूर्ण सोलून, दोन संध्याकाळी पुसून, परत सील केला. आजही वापरात आहे.

वापरताना सॅनिटायझर आणि अत्तर या वस्तूंपासून लांब ठेवा, दोन्हींतलं अल्कोहोल ॲक्रिलिकचा थर मऊ करतं. मळ लागला तर किंचित ओलं फडकं, लगेच कोरडं. वर्षभराने चमक गेलेली आणि वाकाची जागा फिकट झालेली दिसली, की आधी वरचं मेण सौम्य साबणाच्या ओलसर फडक्याने काढा, वाळू द्या, आणि निम्म्या पाण्यातला एक पातळ हात द्या. तेवढ्यासाठी मिश्रणाची छोटी बाटली, तारीख लिहून, घट्ट झाकण लावून ठेवलेली बरी. ओतण्यापूर्वी मात्र उजेडात धरून बघा: आत तंतू किंवा गुठळ्या दिसल्या, तर ते मिश्रण टाकून नवं करा.